मिराशींची टीम

शारजातल्या रोला बाजारात ऐन जूनमध्ये स्वेटर मागणारा माणूस एक तर डोक्याने गेलेला असावा, नाही तर पहाडातल्या गावाला निघालेला. दुकानदाराने मिराशींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कश्मीर जा रहे हो, भाई?"

"नहीं, ऊद मेथा," मिराशी म्हणाले.

ऊद मेथा म्हणजे दुबईचाच एक भाग, शारजापासून ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासावर. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक थट्टा करतंय. त्याने माळ्यावरून धुळकट पेटी काढली आणि त्यातला तपकिरी, कोपरांना ठिगळं लावलेला एक स्वेटर समोर टाकला. मिराशींनी तो तिथेच अंगावर चढवून पाहिला. बाहेर ४४ डिग्री होत्या.

प्रल्हाद मिराशी मूळचे कोल्हापूरचे. दुबईतल्या एका कन्सल्टन्सीत ते ड्राफ्ट्समन होते. नव्वद साली आले, दोन वर्षांनी बायको हेमा आणि मुलगी इरा आल्या, आणि शारजातल्या दोन खोल्यांत पाच वर्षं संसार झाला. मग हेमाला कोल्हापुरात शाळेत कायमची नोकरी चालून आली. "इराच्या शाळेचंही नीट मार्गी लागेल, आणि तुम्ही दोन वर्षांत येताच आहात की," ती म्हणाली. मिराशी हो म्हणाले. दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा. कोणी रागावलं नाही, कोणी अबोला धरला नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

फ्लॅट सोडून ते तिघांबरोबर एका खोलीत राहायला गेले. त्यातला जळगावचा दौलत बोलका. बाकीचे दोघे ड्यूटीच्या पाळ्यांमुळे फक्त झोपलेलेच दिसायचे.

ऊद मेथाच्या रिंकवर ते पहिल्यांदा गेले ते कामासाठी. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथल्या कँटीनची डागडुजी निघाली होती आणि ऑफिसने त्यांना मापं घ्यायला पाठवलं होतं. टेप भिंतीला लावून उभे असतानाच काचेपलीकडे काहीतरी धडाडलं. वळून पाहतात तर शाळेच्या मैदानाएवढा बर्फ, आणि त्यावर पायांत पाती बांधलेली कॉलेजची पोरं एकमेकांच्या अंगावर चाल करून जातायत. पोरं काठ्यांनी एक काळी रबरी चकती पिटाळत होती. बोरिक पावडर मारलेल्या कॅरम बोर्डवर स्ट्रायकर सुटावा तशी ती सुटायची. कुठे गेली ते कळेपर्यंत दुसऱ्या टोकाला आपटलेली असायची. तिला पक म्हणतात आणि खेळाला आइस हॉकी, हे मिराशींना नंतर कळलं.

मापं राहिली. ते मॅच संपेपर्यंत काचेला नाक लावून उभे होते. दातांवर दात आपटायला लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की गेल्या कित्येक महिन्यांत आपल्याला असं काही झालेलंच नाही. थंडी वाजणं, श्वास रोखला जाणं, तोंडातून नकळत "अरे!" निघणं. पुढच्या आठवड्यात स्वेटर आला.

एखाद्याला देवाचं वेड लागावं तसं त्यांना ह्या खेळाचं लागलं. दुबईतल्या एका कॉलेजची हिरव्या जर्सीची टीम त्यांनी आपली मानली. का, तर पहिल्या दिवशी तीच हरत होती. उन्हाळ्यात नुसत्या सरावाच्या मॅचेस, आणि थंडीच्या मोसमात गुरुवार-शुक्रवारी खरे सामने असायचे. तिथे सुटी शुक्रवारची. गुरुवारी अर्धा दिवस काम करून ते बस धरायचे. प्रेक्षक जेमतेम तीस-चाळीस असत. खेळाडूंचे आईबाप, मित्र, एखादी कंटाळलेली धाकटी बहीण. मिराशी वरच्या बाकावर कडेला बसत. पोरं पास झाली, गेली, नवी आली. मिराशी तेच.

दौलत चेष्टा करायचा. "मिराशीसाहेब, आमच्या जळगावात माणसं उन्हाळ्यात उसाचा रस पितात. तुम्ही स्वेटर घालून बर्फ बघायला जाता. वहिनींना माहीत आहे का?"

वहिनींना माहीत नव्हतं. दर शुक्रवारी फोन व्हायचा. पाणी आलं का, गॅस मिळाला का, इराचे मार्क किती. एवढ्यात बर्फावरचा खेळ घुसवायला जागाच नव्हती, आणि घुसवला असता तर समजावता समजावता फोनचं कार्ड संपलं असतं.

सन दोन हजारच्या मोसमात टीमला नवा गोलकीपर मिळाला. जर्सीच्या पाठीवर नाव होतं 'रेगे'. मिराशी बाकावरून अर्धे उठलेच. मराठी पोरगा! इथेच वाढलेला, उंच, हडकुळा. पण पॅड बांधून जाळ्यापुढे उभा राहिला की गादी गुंडाळून ठेवल्यासारखा दिसायचा. अंकुर त्याचं नाव. बाकीची पाच पोरं मैदानभर भिरभिरायची आणि हा आपल्या जागी उभा. पक लांब असताना तो काठीने खांबाला हळूच दोनदा टकटक करायचा. मिराशी नकळत बाकावर बोटांनी तसंच करायला लागले.

पुढच्या मोसमात एकदा शेजारी एक बाई येऊन बसल्या. कॅप्टन करीमची आई, लेबनॉनच्या. लढाईच्या दिवसांत घरदार माँट्रियलला गेलं, तिथे पोरगा हा खेळ शिकला, मग नवऱ्याच्या नोकरीपायी सगळे दुबईला आले. सगळे त्यांना उम्म करीमच म्हणायचे, करीमची आई. त्यांनी थर्मासमधली वेलदोड्याची कॉफी मिराशींपुढे धरली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही अंकुरचे वडील ना. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मिराशींनी कप हातात घेतला. 'नाही' हा शब्द ओठांपर्यंत आलाही होता. तेवढ्यात अंकुरने एक अशक्य फटका पायाने अडवला, उम्म करीमने त्यांच्या पाठीवर थाप मारली, "ब्राव्हो! पोरगा आहे कोणाचा!" आणि तो शब्द कॉफीबरोबर पोटात गेला.

एकदा गेला तो गेलाच. पुढे दीड वर्ष दर सामन्याला कॉफी यायची. उम्म करीम बोलायच्या, मिराशी ऐकायचे. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी ऑफिसातच गेले होते. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, ते त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, करीमलाही नाही. मिराशींना सांगितलं. घरी परतताना बसमध्ये मिराशींना स्वतःची लाज वाटायची. पुढच्या गुरुवारी सांगून टाकू, असं ते ठरवायचे. गुरुवारी कॉफी समोर आली की ठरवलेलं राहून जायचं.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत टीमचे दोन सामने अल ऐनला होते, गुरुवारी दुपारी एक आणि शुक्रवारी सकाळी एक. अल ऐन दीड-दोन तासांवर. मिराशींनी पाच वर्षांत पहिल्यांदा गुरुवारची पूर्ण रजा टाकली. मॅनेजरने कारण विचारलं तर म्हणाले, "फॅमिली फंक्शन." शारजाच्या स्टँडवरून शेअर टॅक्सी केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल वाळूच्या टेकड्या होत्या, आणि मांडीवर घडी केलेला स्वेटर. शेजारच्या पठाणाने त्यांना संत्र्याच्या फोडी दिल्या आणि विचारलं, "बच्चे से मिलने जा रहे हो?" मिराशी हसले फक्त.

अल ऐनच्या रिंकवर हिरव्या टीमची माणसं मोजून आठ. उम्म करीमने त्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात अल ऐनचा एक धिप्पाड गडी सुसाट आला, त्याचा तोल गेला आणि तो अंकुरला घेऊन जाळ्यात घुसला. खांबाचा आवाज वरच्या बाकापर्यंत आला. धिप्पाड पोरगा उठला. अंकुर उठला नाही.

उम्म करीम ताडकन उभ्या राहिल्या आणि हात हलवून ओरडल्या, "कोच! त्याचे वडील इथे आहेत! इथे!" मग मिराशींना ढकलत म्हणाल्या, "यल्ला, यल्ला, जा!"

कडेचं फाटक उघडलं. दोन पोरांनी मिराशींच्या दोन्ही काखांत हात घातले. ऑफिसचे सपाट तळव्यांचे बूट घालून, पाच वर्षं काचेआडून पाहिलेल्या त्या बर्फावर मिराशींनी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला. त्यांचे पाय सारखे पळत होते आणि पोरं त्यांना जवळजवळ उचलूनच नेत होती. कोच म्हणाला, "बोलत राहा त्याच्याशी. झोपू देऊ नका."

अंकुरचं हेल्मेट काढलेलं होतं. चेहरा कागदासारखा पांढरा. एवढ्या जवळून मिराशींनी तो कधी पाहिलाच नव्हता; हनुवटीवर मुरमं होती. मिराशी गुडघ्यांवर बसले. "अंकुर, बाळा, डोळे उघडे ठेव. मी आहे इथे."

पोराने डोळे त्यांच्याकडे फिरवले. बराच वेळ पाहिलं. "हाय, अंकल," तो म्हणाला.

ॲम्ब्युलन्समध्ये कोच म्हणाला, "वडील बरोबर जातील." तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. मिराशी चढून बसले. आतली नर्स केरळची होती, हातात पेन घेऊन भराभर विचारायला लागली. वय? एकोणीस, वीस असेल. ब्लड ग्रुप? मिराशींनी मान हलवली. आधी कधी डोक्याला मार? माहीत नाही. तिने मान वर केली. "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? पटकन सांगा. वडील ना तुम्ही?"

सायरन चालूच होता. मिराशींच्या कपाळावर त्या गारठ्यातून येऊनही घाम आला.

"नाही," ते म्हणाले. "मी त्याचा कोणी नाही."

"कोणी नाही? मग गाडीत कसे बसलात?" नर्सचा आवाज चढला. स्ट्रेचरवरून अंकुर पुटपुटला, "पेनिसिलिन. ॲलर्जी टू पेनिसिलिन." नर्सने ते दोनदा खात्री करून लिहून घेतलं. मिराशी हात मांडीत घालून बसून राहिले. आपण आणखी थोडं गप्प राहिलो असतो तर?

दवाखान्यात डोक्याचे एक्स-रे निघाले, डॉक्टर येऊन गेले. जोराचा धक्का बसलाय, पण हाड शाबूत आहे, रात्रभर ठेवून घेऊ, म्हणाले. अंकुरच्या मोबाइलवरून मिराशींनी त्याच्या वडिलांना फोन लावला. "तुम्ही कोण बोलताय?" पलीकडून प्रश्न आला. "मी... मॅच बघायला आलो होतो," मिराशी म्हणाले.

अंकुरचे आईवडील येईपर्यंत मिराशी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. अंकुरला मधूनच डुलकी लागत होती.

"अंकल," एकदा जागा होऊन तो म्हणाला, "यू कम टू एव्हरी गेम, ना?"

"येतो."

"करीमची मॉम मला म्हणाली होती. युअर डॅड नेव्हर मिसेस अ गेम." त्याने डोळे मिटले. "मी पण काही बोललो नाही. आय लाइक्ड इट."

मिराशींनी त्याच्या पायांवरचं पांघरूण उगीचच सारखं केलं.

दिवे लागायच्या सुमारास रेगे पती-पत्नी आले. गुणवंत रेगे एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. मीटिंगमधून तसेच उठून आलेले, टाय सैल केलेला. डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर ते मिराशींकडे वळले.

"थँक यू. तुमचा मुलगा कोणता? त्या दुसऱ्या टीमचा का?"

"नाही. माझं कोणी खेळत नाही."

"मग कोच मंडळींपैकी?"

"नाही. मी नुसता बघायला येतो."

"दुबईहून इथे? नुसतं बघायला?" रेग्यांनी त्यांच्या ठिगळाच्या कोपरांकडे पाहिलं. "आणि कोच मला फोनवर सांगतो, की अंकुरचे वडील बरोबर आहेत. मी दुबईत होतो हो. हा काय प्रकार आहे?"

"गैरसमज झाला त्यांचा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"बाबा, लीव्ह हिम," पलंगावरून अंकुर म्हणाला.

रेग्यांनी सैल टाय काढून खिशात कोंबला. वाईट माणूस नव्हता तो, घाबरलेला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "आता आम्ही आहोत. तुम्ही निघा."

मिराशी निघाले. कॉरिडॉरच्या टोकाशी मागून चपलांचा आवाज आला. अंकुरची आई, सुजाता रेगे. पदर सावरत, धापा टाकत.

"एक मिनिट थांबा. तुम्ही त्याचे सगळे सामने पाहिलेत?"

"तीन वर्षांतले सगळे."

"मी एकही नाही पाहिला. ह्यांना तो खेळ मुळीच पसंत नाही, आणि मला बघवणारच नाही असं वाटायचं. चांगला खेळतो का हो?"

पाच वर्षांत मिराशींना त्या खेळाबद्दल कोणी एक शब्द विचारला नव्हता. ते भिंतीला टेकले आणि बोलायला लागले. अबू धाबीविरुद्ध तो सपशेल आडवा पडला होता, काठी हातातून निसटलेली, आणि पडल्या पडल्या त्याने उलट्या तळहाताने पक हवेतच झेलला. झेलल्यावर त्यालाच खरं वाटेना, हात उघडून बघत राहिला. गोल झाला की इतर पोरं एकमेकांना बोल लावतात, हा नुसता बाटलीतलं पाणी पितो आणि परत उभा राहतो. खांबाला टकटक करतो. बोलता बोलता मिराशींनी भिंतीवर ती टकटक करूनही दाखवली. सुजाताबाई एकटक ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी त्या हसत होत्या.

"लहानपणी झोपताना भिंतीवर असंच करायचा," त्या म्हणाल्या.

"सुजाता!" खोलीतून हाक आली. त्यांनी मिराशींचा हात क्षणभर दोन्ही हातांत धरला आणि वळल्या.

स्टँडजवळच्या लॉजवर मिराशींनी कुशी बदलत ती रात्र काढली. सकाळी परत जावं असं मनात आलं होतं, पण पाय रिंककडे वळले. टीम खेळणार होती, आणि ती त्यांची टीम होती.

उम्म करीमला कोचकडून सगळं कळलं होतं. शेजारच्या जागेवर त्यांनी पर्स ठेवली होती. मिराशी समोर उभे राहिले.

"मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कॉफी दिलीत," मिराशी म्हणाले. त्यांना वेगळं काही म्हणायचं होतं, पण खरं तेवढंच होतं.

उम्म करीम बर्फाकडे बघत होत्या. "मी तुम्हाला माझ्या नवऱ्याबद्दल सांगितलं. त्या सकाळचं. मला वाटलं, तुम्हीही माझ्यासारखेच, मुलापायी इथे येऊन बसणारे." त्यांनी थर्मास उघडला, कप भरला आणि त्यांच्या हातात दिला. मग पर्स उचलली आणि खालच्या रांगेत, दुसऱ्या आयांच्या शेजारी जाऊन बसल्या.

बदली गोलकीपर पहिल्याच वर्षाचं पोरगं होतं. सहा गोल बसले. मिराशींनी कॉफी संपवली, कप रुमालाने पुसून उम्म करीमच्या बाकाच्या कडेला ठेवला आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत थांबले.

शारजाला पोचल्यावर त्यांनी कोल्हापूरला फोन लावला. फोन इराने घेतला. सतरा वर्षांची झाली होती. 'हो बाबा, नाही बाबा' याच्या पलीकडे बोलणं जायचं नाही. त्या दिवशी मिराशी थांबलेच नाहीत. रिंक, पक, अंकुर, ॲम्ब्युलन्स, सगळं सांगितलं. फक्त 'वडील' तेवढं गाळलं.

"बाबा," इरा म्हणाली, "तुम्ही पाच वर्षं तिथे जाताय?"

"हो."

"आणि आम्हाला माहीतच नाही?"

त्या आवाजात राग होता की नवल, ते मिराशींना कळलं नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, आईला देते," आणि हेमाने फोन घेतला, आणि गॅस मिळाला होता.

अंकुर परत खेळला नाही. वडिलांनी बंद केलं, डॉक्टरांनीही सबुरीने घ्या म्हटलं होतं. जूनमध्ये करीम पास होऊन माँट्रियलला गेला. उम्म करीमही गेल्या असाव्यात. मिराशींना कोणी सांगितलं नाही, आणि विचारणार तरी कोणाला.

पुढच्या वर्षी बर दुबईच्या एका ऑफिसात नकाशे द्यायला गेले असताना लिफ्टमध्ये त्यांना अंकुर भेटला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कुठल्याशा कंपनीत ट्रेनी. दोघेही एकदमच हसले.

"अजून जाता, अंकल?"

"जातो."

"गोलमध्ये कोण आहे?"

"एक रशियन पोरगा आहे. चांगला आहे. पण फार लवकर खाली बसतो."

"वरचा फटका मग सुटत असेल."

"सुटतो ना. दर वेळी सुटतो."

अंकुरने अगदी गंभीरपणे मान हलवली. सातवा मजला आला. "ओके, अंकल. टेक केअर," म्हणून तो उतरला. मिराशींना पाचव्या मजल्यावर जायचं होतं, तो मागेच निघून गेला होता. दार मिटलं. त्यांनी पाचचं बटण परत दाबलं आणि नकाशांची गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली.

कोल्हापूरला कायमचं परतायला त्यांना अजून दोन मोसमांचा अवकाश होता. त्या दोन्ही मोसमांत, गुरुवारी दुपारी, ते ऊद मेथाची बस धरत राहिले.